रोनाल्ड कोमन: खेळाडू म्हणून ग्रेटच, पण कोच म्हणून नक्की कसा?

हाफलाइन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागा काढतोय. मी फुटबॉल नीट फॉलो करायला लागलो २०१६-१७ च्या आसपास, त्यामुळे कोमन मला माहीत झाला तो एव्हर्टनचा कोच म्हणून, म्हणजे ज्याची ऑक्टोबर २०१७ मध्ये गच्छंती झाली तो. मग बार्सिलोना, तिथेही ऑक्टोबर २०२१ मध्ये तेच. मधे नेदरलँड्स, आणि २०२३ पासून परत नेदरलँड्स. माझ्या डोक्यात त्याचं चित्र असंच की साइडलाइनला हाताची घडी घालून उभा असलेला, चेहऱ्यावर फारसं काही न दाखवणारा आणि दर दोन वर्षांनी नारळ मिळणारा माणूस.

पण ज्यांनी नव्वदच्या दशकात मॅचेस बघितल्यात ते लोक त्याचं नाव काढलं की एकदम सावरून बसतात. डिफेंडर असून दोनशेच्या वर गोल, युरो, युरोपियन कप दोनदा, असं बरंच काही सांगतात. आकडे मीही शोधू शकतो हो, पण मला समजून घ्यायचंय ते वेगळं. एक म्हणजे तो खेळायचा नक्की कसा, सेंटर बॅक (मागच्या फळीतला मधला डिफेंडर) इतके गोल मारतो म्हणजे पेनल्टी आणि फ्री किक सोडून अजून काय होतं? आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, इतकी वर्षं मागे उभं राहून पूर्ण मैदान बघितलेला माणूस कोच झाल्यावर त्याचा फायदा कुठे दिसतो? एवढ्या ठिकाणी हाकलला गेला तरी लोक त्याला पुन्हा पुन्हा का बोलावतात, नुसत्या नावावर? ज्यांनी त्याचं करिअर जवळून फॉलो केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, घाई नाही.

मागची_फळी

छान धागा. वेळ काढून लिहितो, लांबेल जरा.

कोमन समजायचा तर आधी हे डोक्यातून काढा की तो बॉल हिसकावून घेणारा, अंगावर जाणारा डिफेंडर होता. तसा तो नव्हताच. पळण्यात तर बऱ्यापैकी स्लो होता, त्याच्या मागे मोकळी जागा सापडली की समोरच्या टीमचे फॉरवर्ड खूश व्हायचे. पण त्याच्या पायात जी पासिंग रेंज होती ती त्या काळच्या कित्येक नंबर टेनकडेही (अटॅक रचणाऱ्या मिडफिल्डरकडेही) नव्हती. मागून चाळीस-पन्नास मीटरचा तिरका बॉल, तो पण हवेत तरंगत जाणारा नाही, सपाट आणि वेगात, थेट विंगरच्या पुढ्यात. बार्सिलोनाचा तेव्हाचा कोच क्रायफने १९८९ मध्ये त्याला पीएसव्ही ह्या डच क्लबकडून तिथे आणला तो ह्याच्यासाठी. त्या टीममध्ये मागे बऱ्याचदा तीनच जण असायचे, मधे कोमन आणि त्याच्या जरा पुढे पोरगेला ग्वार्दिओला, आणि अख्ख्या टीमचा अटॅक ह्या दोघांच्या पायातून सुरू व्हायचा. आज आपण 'बॉल प्लेइंग सेंटर बॅक' म्हणून जे कौतुक करतो ते हा माणूस तेव्हा दर रविवारी करत होता. लीग सलग चार वर्षं जिंकली त्यांनी, १९९१ ते १९९४.

सुरुवात मात्र छोट्या क्लबातून झाली. जन्म १९६३ चा, झांदामचा. वडील मार्टिन कोमन स्वतः खेळाडू, नेदरलँड्सकडून एक मॅच खेळलेले. थोरला भाऊ एर्विन पण इंटरनॅशनल. रोनाल्ड सतराव्या वर्षी ग्रोनिंगेनच्या सीनियर टीममध्ये, मग १९८३ ला अयाक्स, १९८६ ला तिथून थेट पीएसव्ही. अयाक्स सोडून पीएसव्हीला जाणं म्हणजे काय हे डच माणसालाच विचारा, पण तिथे तीन वर्षांत तीन लीग टायटल मिळवली.

आणि १९८८. हे एक वर्ष ह्या घराण्याचंच होतं. पीएसव्हीने युरोपियन कप जिंकला, गंमत म्हणजे क्वार्टर फायनलपासून फायनलपर्यंत पाचच्या पाच मॅच ड्रॉ. बोर्दोबरोबर दोन्ही, रेआल माद्रिदबरोबर दोन्ही, दोन्ही वेळा बाहेरच्या मैदानावरच्या गोलवर पुढे, आणि स्टुटगार्टच्या फायनलमध्ये बेनफिकाशी ०-० होऊन पेनल्टीवर ६-५. कोच होता हिडिंक. त्याच महिन्यात भाऊ एर्विनच्या मेहेलेनने कप विनर्स कप घेतला, तो पण अयाक्सला हरवून. आणि जूनमध्ये दोघं भाऊ एकत्र युरो जिंकले. हॅम्बर्गच्या सेमी फायनलमध्ये पश्चिम जर्मनी १-० वर असताना बरोबरीची पेनल्टी रोनाल्डने मारली आणि मग शेवटी शेवटी व्हॅन बास्टेनने काम तमाम केलं. त्या मॅचनंतर त्याने जर्मन खेळाडूच्या जर्सीने जे केलं ते मात्र अत्यंत वाईट होतं, जर्सी अदलाबदल करून ती मागच्या बाजूला पुसल्यासारखं करणं ह्याला माझ्या दृष्टीने काही माफी नाही, कितीही जुनं वैर असो.

त्या युरोत डच कोच मिखेल्सने त्याच्या शेजारी रायकार्डला खेळवलं. हे बघा, इथेच उत्तर आहे. रायकार्ड वेगवान, ताकदवान, धावून जाऊन भोक बुजवणारा, त्यामुळे कोमन निवांत मान वर करून पुढचं बघू शकायचा. बार्सिलोनातही तसंच, त्याच्या आजूबाजूला पळणारे लोक दिले गेले. ज्या दिवशी ते जमलं नाही त्या दिवशी पितळ उघडं पडायचं, १९९४ ची अथेन्सची फायनल बघा, मिलानने ४-० ने धुतलं. आणि त्याच सीझनला चॅम्पियन्स लीगचा टॉप स्कोअरर कोण तर कोमनच, ब्रेमेनच्या विन्टन रूफरबरोबर, प्रत्येकी ८ गोल. एक सेंटर बॅक!

आता वेम्बली, २० मे १९९२. त्यावर न लिहिता पुढे जाणं शक्यच नाही. बार्सिलोना तोपर्यंत युरोपियन कपच्या दोन फायनल हरलेले, १९६१ ला आणि १९८६ ला, त्यातली दुसरी पेनल्टीवर आणि त्यात एकही पेनल्टी गोलात नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या क्लबच्या कपाटात तो कपच नाही. समोर सांपदोरिया, व्हियाली आणि मांचिनीची. ९० मिनिटं ०-०, एक्स्ट्रा टाइम चालू, पेनल्टीची भीती सगळ्यांच्या मानेवर बसलेली. ११२ वं मिनिट, बॉक्सच्या बाहेर फ्री किक, ती पण इनडायरेक्ट. स्तोइचकोव्हने बॉल हलकेच सरकवला, बाकेरोने पायाखाली थांबवला आणि कोमन धावत आला. ती रनअप बघा एकदा, अंग पुढे झुकलेलं, नजर बॉलवरच, आणि फटका जमिनीलगत. वॉलमधून एकजण धावत सुटलाय अडवायला पण बॉल त्याच्या बाजूने गेलेला आणि गोलकीपर पाल्यूकाने झेप घेतली तेव्हा उशीर झालेला. १-०. त्या दिवशी ते केशरी किटमध्ये खेळले होते, कप उचलायला जाण्याआधी निळ्या-लाल जर्सी घातल्या. बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप, आणि गोल डिफेंडरचा.

शेवटची दोन वर्षं फेयनूर्ड, १९९७ ला निवृत्ती. देशाकडून ७८ मॅच, १४ गोल. कोचिंगवर दुसऱ्या कोणी लिहा, माझं तिथलं मत तेवढं पक्कं नाही.

थ्रो_इन

मागची_फळी, ऑक्टोबर १९९३ चं रॉटरडॅम राहिलं ना! वर्ल्ड कप क्वालिफायर, समोर इंग्लंड, ०-०. डेव्हिड प्लॅट एकटा गोलकडे निघालेला, कोमनने मागून पाडला, सरळसरळ रेड कार्ड होतं, पण बाहेर काढलं नाही. आणि पाचेक मिनिटांनी तोच कोमन दुसऱ्या टोकाला फ्री किक घेतोय. पहिला फटका वॉलमधल्या माणसाने लवकर पुढे येऊन अडवला म्हणून रेफरीने पुन्हा घ्यायला लावली. सगळे वाट बघतायत की आता तो परत तोफ डागणार, तर पठ्ठ्याने अलगद वॉलवरून चिप केला, इंग्लंडचा गोलकीपर सीमन बघतच राहिला. मग बर्गकॅम्पने दुसरा टाकला, २-०, आणि इंग्लंड १९९४ च्या वर्ल्ड कपला गेलंच नाही. डोकं किती थंड लागतं विचार करा.

नऊ_नंबर

मी कोचिंगवर लिहितो आणि आधीच सांगतो, मी त्याचा फॅन नाही कोच म्हणून. खेळाडू म्हणून आदर पूर्ण.

माझा मुख्य आक्षेप असा की हा माणूस जुन्या खेळाडूंशी वागायला चुकतो, आणि एकदा नाही, परत परत. व्हॅलेन्सियाचं बघा. ऑक्टोबर २००७ च्या शेवटी तिथे गेला तेव्हा टीम ला लीगामध्ये वरच्या चारात होती. विया, सिल्वा, कोवळा माता, काय टीम होती ती. डिसेंबरमध्ये ह्याने कान्यिझारेस, आल्बेल्दा आणि आंगुलो ह्या तीन जुन्या खोडांना सांगून टाकलं की तुम्ही माझ्या प्लॅनमध्ये नाही. आल्बेल्दा कॅप्टन होता हो, दोन लीग जिंकलेला माणूस, तो थेट कोर्टात गेला. ड्रेसिंग रूम दुभंगली ती दुभंगलीच. लीगमध्ये टीम घसरत घसरत रेलिगेशनच्या (खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या) तोंडाशी. आणि ह्या सगळ्यात कोपा देल रे (स्पेनचा कप) जिंकले! सेमी फायनलला बार्सिलोनाला काढलं, १६ एप्रिल २००८ ला फायनलमध्ये हेताफेला ३-१. चार दिवसांनी बिल्बाओकडून ५-१ हार, आणि लगेच हकालपट्टी. कप जिंकून आठवडा पुरा व्हायच्या आत. त्या तिघांना नंतर लगेच टीममध्ये परत घेतलं, ह्यातच सगळं आलं.

बार्सिलोना २०२०. मान्य, क्लबची अवस्था भीषण होती, बायर्नकडून ८-२ खाल्लेले, कर्ज डोक्यावर, मेस्सीने बुरोफॅक्स (अधिकृत नोटीस) पाठवून सोडायचंय म्हणून सांगितलेलं. पण सुआरेझला कसं काढलं? एका छोट्या फोन कॉलवर. क्लबचा इतका मोठा गोल स्कोअरर. तो गेला अत्लेतिकोला, २१ लीग गोल टाकले आणि त्याच सीझनला लीग त्यांना जिंकून दिली. बार्सिलोना तिसरे. आता कोणी म्हणेल पगार कमी करायला बोर्डानेच लावलं असणार, असेलही, पण फोनवर आवाज कोमनचा होता आणि सांगण्याची पद्धतही त्याचीच.

आणि दुसऱ्या सीझनला खेळाचं काय झालं? सप्टेंबर २०२१, घरच्या मैदानावर ग्रानादा. १-१. बार्सिलोनाने त्या मॅचमध्ये ५४ क्रॉस टाकले. चोपन्न! शेवटी सेंटर बॅक पिकेला फॉरवर्डला उभा केला आणि नुसते हवेतून बॉल. ज्या माणसाने क्रायफच्या टीममध्ये सहा वर्षं मागून खेळ उभा केला त्याच्या टीमने असं खेळावं हे मला बघवलं नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नकडून ०-३, बेनफिकाकडून ०-३, आणि रायोकडून हरल्यावर बाहेर.

माझ्या मते त्याला पुन्हा पुन्हा बोलावतात ते वेम्बलीच्या त्या फ्री किकमुळे. निदान बार्सिलोनात तरी शंभर टक्के. लापोर्ता क्लबचा अध्यक्ष व्हायच्या आधीच्या बोर्डाला लोकांच्या रागासमोर उभा करायला एक दंतकथा हवी होती, ती मिळाली.

सेट_पीस_ताई

नऊ_नंबर, तुमचे मुद्दे खोटे नाहीत, पण तुम्ही करिअरचा निम्मा भाग सोडून दिलात आणि नेमका तोच भाग धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी त्याला कोच म्हणून फेयनूर्डपासून फॉलो करतेय.

२०११ ला फेयनूर्ड म्हणजे पार ढेपाळलेला क्लब. आदल्या सीझनला पीएसव्हीकडून १०-० ने हरलेले, खिशात पैसा नाही, आणि जुलैमध्ये खेळाडूंनीच कोचवर अविश्वास दाखवला म्हणून तो गेलेला. अशा ठिकाणी कोमन आला. पैसे नाहीत म्हटल्यावर अकॅडमीतली पोरं आणि मागची फळी नीट बांधणं एवढंच हातात होतं. पहिल्याच वर्षी दुसरा नंबर, मग तिसरा, मग परत दुसरा. टायटल नाही मिळालं, पण २०१४ च्या वर्ल्ड कपला व्हॅन गाल नेदरलँड्सची टीम घेऊन ब्राझीलला गेला तेव्हा स्पेनला ५-१ ने उडवलेल्या मॅचमध्ये मागच्या पाचातले तिघं कोण होते? डे व्राय, मार्टिन्स इंडी आणि यानमात. तिघंही कोमनच्या फेयनूर्डचे. तिसरा नंबर घेऊन आली ती टीम. हा योगायोग नाही. तिघांपैकी एकाचंही नाव त्याआधी बाहेरच्या देशात कोणाला धड माहीत नव्हतं.

मग साउथॅम्प्टन, २०१४ चा उन्हाळा. आधीचा कोच पोचेत्तिनो स्पर्सला गेला आणि मागोमाग टीमच विकायला काढली. लॅलाना, लॅम्बर्ट, लोव्हरेन लिव्हरपूलला, ल्यूक शॉ मँचेस्टर युनायटेडला, चेंबर्स आर्सेनलला. सगळे पेपर म्हणत होते हे खाली जाणार. कोमनने जुलैमध्ये रिकाम्या ट्रेनिंग ग्राउंडचा एक फोटो ट्विटरवर टाकला, ट्रेनिंगला तयार आहोत असं लिहून. नवा कोच, माणसं निघून गेलेली, आणि त्यातही तो पॅनिक झालेला दिसला नाही हे त्या फोटोतून क्लबला कळलं. पेल्ले फेयनूर्डहून बरोबर आणला, तादिच, माने, फोर्स्टर, बर्ट्रांड, आणि अत्लेतिकोकडून अल्डरवाइरेल्ड लोनवर. भाऊ एर्विन मदतीला. सीझन संपला तेव्हा सातवा नंबर, आणि मला सगळ्यात जास्त भावतं ते हे की ३८ मॅचमध्ये फक्त ३३ गोल खाल्ले. त्यापेक्षा कमी फक्त चॅम्पियन चेल्सीने, ३२. विकलेली टीम, नवा कोच, नवे सेंटर बॅक, आणि ३३! जानेवारीत ओल्ड ट्रॅफर्डला १-० ने जिंकून आले, तिथे लीगमध्ये १९८८ नंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या वर्षी सेल्टिककडून एक उंच सेंटर बॅक घेतला, १३ मिलियन पाउंडला. व्हर्जिल व्हॅन डाइक. त्या वेळी तो डच टीममध्येही बसत नव्हता, तेव्हा बऱ्याच मोठ्या क्लबांनी बघून सोडून दिला होता, निवांत खेळतो, लक्ष नसतं वगैरे म्हणून. कोमनला तोच निवांतपणा आवडला असणार असं मला नेहमी वाटतं, कारण तो स्वतः तसाच होता, मान वर, घाई नाही, आणि लांब तिरका पास. त्या सीझनला सहावे आले, ६३ पॉइंट. अडीच वर्षांनी लिव्हरपूलने त्याच व्हॅन डाइकसाठी ७५ मिलियन मोजले.

तर हाफलाइन, तुमचा प्रश्न होता मागे उभं राहून मैदान बघितल्याचा फायदा कुठे दिसतो. माझं उत्तर, सेंटर बॅक ओळखण्यात आणि घडवण्यात. बार्सिलोनातसुद्धा बघा, अराउहो नियमित खेळायला लागला तो ह्याच्याच काळात. आणि फक्त डिफेंडरच नाही, पेद्री अठराही पूर्ण नव्हता तेव्हा त्याला खेळवायला लागला आणि त्या सीझनमध्ये पन्नासच्या वर मॅच खेळवल्या. गावीला पहिली संधी त्याचीच. अयाक्सला असताना स्नायडरचा डेब्यू त्याच्याच हाताखाली, आणि त्या पोरांच्या टीमने, इब्राहिमोविच, व्हॅन डर वार्ट, किवू, २००३ ला मिलानला सान सिरोवर अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत रोखून धरलं होतं. पोरं आणि पडझड झालेली टीम द्या, हा माणूस उभी करतो. प्रस्थापित मोठी नावं असली की गाडं अडतं, इथे मी नऊ_नंबरशी सहमत आहे.

नऊ_नंबर

फेयनूर्ड आणि साउथॅम्प्टन मान्य, पूर्ण मान्य. पण मग एव्हर्टनला काय झालं? तिथे पैसा होता, पहिल्या वर्षी सातवे आलेच की. लुकाकू विकला आणि त्याच्या जागी धड स्ट्रायकर न घेता एकाच धाटणीचे तीन-चार नंबर टेन जमवले, रूनी, सिगुर्डसन, क्लासेन. आर्सेनलकडून ५-२ हरून रेलिगेशन झोनमध्ये गेले तेव्हा घालवला. गोल मारणारा माणूस कुठून आणायचा हे ह्याला सुचत नाही. स्वतःच मारायचा ना, म्हणून कदाचित सवय नसेल.

सेट_पीस_ताई

लुकाकूची जागा भरली नाही हे खरंच मोठं अपयश, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. जिरूसाठी प्रयत्न झाला होता, जमलं नाही, पण ते एका माणसावर अवलंबून ठेवणंच चूक.

मागची_फळी

तुम्ही दोघंही चांगलं लिहिताय. पीएसव्हीचा २००७ चा शेवटचा दिवस कोणीच घेतला नाही म्हणून मी टाकतो. एझेड, अयाक्स, पीएसव्ही तिघंही सारख्याच पॉइंटवर शेवटच्या रविवारी. एझेड हरले, अयाक्स जिंकले, पीएसव्हीने फिटेसला ५-१ हरवलं आणि टायटल घेतलं, फक्त एका गोलच्या फरकाने गोल डिफरन्सवर. कोमनकडे तेव्हा टेबलच्या शिखरावरून घसरत आलेली टीम होती, हातातलं टायटल जवळपास घालवलंच होतं, हेही लिहायला हवं. अयाक्स, पीएसव्ही, फेयनूर्ड ह्या तिन्हीकडून खेळलेला आणि तिन्हींचा कोच झालेला हा एकटाच माणूस. त्या देशात हे किती अवघड आहे ते तिथल्या सपोर्टरांचं एकमेकांशी असलेलं नातं माहीत असेल तर कळेल. बेनफिकालाही एकच वर्ष होता, पण त्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला ग्रुपमधून बाहेर घालवलं आणि मग आदल्या वर्षीचा चॅम्पियन लिव्हरपूल, दोन्ही मॅच जिंकून.

हाफलाइन

वा, धाग्याचं सोनं केलंत सगळ्यांनी. साउथॅम्प्टनचे ३३ गोल मला माहीतच नव्हते. नेदरलँड्सबद्दल कोणी लिहाल का? तो तिथे परत का आला आणि तिथे त्याचं नक्की काय चाललं?

थ्रो_इन

मी लिहितो. फेब्रुवारी २०१८ ला आला तेव्हा नेदरलँड्स सलग दोन मोठ्या स्पर्धांना मुकलेले, युरो २०१६ आणि वर्ल्ड कप २०१८. युरो २०१६ ला चोवीस टीम होत्या हे लक्षात घ्या, त्यातही नाही. ह्याने आल्याबरोबर कॅप्टन केला व्हॅन डाइकला. त्याच वर्षी नेशन्स लीगच्या (युरोपातल्या देशांची स्पर्धा) ग्रुपमध्ये जर्मनी आणि नुकताच वर्ल्ड कप जिंकलेला फ्रान्स. जर्मनीला ३-०, फ्रान्सला २-०. मग शेवटची मॅच गेल्सेनकिर्शनला जर्मनीत, ड्रॉ पुरे होता, आणि हे ०-२ ने मागे, पाच-सहा मिनिटं उरलेली. प्रोमेसने एक काढला. कोमनने व्हॅन डाइकला पार पुढे पाठवलेला, सेंटर बॅक स्ट्रायकरच्या जागी, आणि ९० मिनिटं झाल्यावर त्यानेच व्हॉली मारून २-२ केलं. ग्रुप जिंकला. (नऊ_नंबर, ग्रानादाच्या वेळी पिकेला पुढे उभं करणं हे तिथूनच आलेलं आहे. एकदा लागतं, एकदा नाही लागत.) २०१९ च्या फायनल्समध्ये सेमीला इंग्लंडला ३-१, फायनलला पोर्तुगालकडून ०-१.

मग युरोला क्वालिफाय झाले, कोविडमुळे युरो पुढे गेली, मे २०२० ला ह्याला स्वतःला छातीत दुखून हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, आणि तीन महिन्यांनी बार्सिलोनाचा फोन. त्यामुळे स्वतः बांधलेली टीम घेऊन युरो खेळायचं राहूनच गेलं. कतार वर्ल्ड कपनंतर व्हॅन गाल गेल्यावर परत आला त्यामागे ते राहिलेलं काम होतं असं मी मानतो. सुरुवात भयंकर, पहिल्याच मॅचला फ्रान्सकडून ०-४.

युरो २०२४ मात्र बघण्यासारखी. ग्रुपमध्ये ऑस्ट्रियाकडून हरून तिसऱ्या नंबरने जेमतेम पुढे गेले, सगळे तुटून पडले त्याच्यावर. मग रोमानियाला ३-०. क्वार्टर फायनलला तुर्की हाफटाइमला १-० पुढे, ह्याने ब्रेकलाच वेगहॉर्स्टला आणलं, उंच माणूस बॉक्समध्ये, आणि खेळ फिरला. पहिला गोल कॉर्नरनंतर डे व्रायच्या हेडरने, परत फेयनूर्डचाच पोरगा. २-१. सेमीला इंग्लंडविरुद्ध सातव्या मिनिटाला सिमन्सचा लांबून रॉकेट, मग डमफ्रीसच्या टॅकलवर ती पेनल्टी दिली गेली, जी मला आजही पटत नाही, केनने बरोबरी केली. आणि एक्स्ट्रा टाइम दिसायला लागलेला असताना वॉटकिन्स. बॉक्समध्ये पाठ गोलकडे, अंगाशी डे व्राय चिकटलेला, जागा जवळपास नाहीच, वळला आणि डे व्रायच्या पायांमधून लांबच्या पोस्टला. डिफेंडरने अजून काय करायचं असतं तिथे मला सांगा. कोमन ते बघत उभा होता आणि माझ्या मनात आलं की ह्या क्षणाचं दुःख तिथल्या सगळ्या कोचमध्ये त्याला सगळ्यात नीट कळत असेल.

सेट_पीस_ताई

थ्रो_इन, त्या गोलबद्दल एकच. डे व्राय अर्धं पाऊल जास्त जवळ गेला. इतकं चिकटलं की फॉरवर्डला पाठीवरूनच कळतं कुठल्या बाजूने वळायचं, आणि पाय फाकतात. हातभर अंतर ठेवलं असतं तर वॉटकिन्सला शॉट मारण्याआधी एक टच जास्त घ्यावा लागला असता, तेवढ्यात व्हॅन डाइक आला असता. पण ९१ व्या मिनिटाला पाय जड झालेले असताना हे कोणालाही सांगणं सोपं आहे. त्याने पूर्ण स्पर्धा सुंदर खेळली.

हाफलाइन, तुम्हाला बघायचंच असेल तर हायलाइट्सवर जाऊ नका, त्यात फक्त फ्री किक दिसतात. वेम्बली १९९२ पूर्ण १२० मिनिटं बघा आणि बॉल नसताना कोमन कुठे उभा असतो तेवढंच बघत बसा. मग साउथॅम्प्टनची जानेवारी २०१५ ची ओल्ड ट्रॅफर्डची मॅच, त्यात त्यांचा सेंटर बॅक फोन्ते, त्याच्या हालचाली बघा, बॉल दुसऱ्या बाजूला असताना तो दोन पावलं आत कधी येतो ते. मला तरी दोन्हीकडे एकच हात दिसतो.

नऊ_नंबर

जानेवारी २०१५ ची मॅच आज रात्री लावतो. ग्रानादाचं मत मात्र बदलणार नाही 🙂